पाच गोळ्या

“गरोदर बाईला चालेल का ही?”

डॉ. शिरोड्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं. त्यांच्या कानांत स्टेथोस्कोप होता. समोरच्या स्टुलावर बावीस-तेवीस वर्षांची एक बाई बसली होती. तिच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळलेला होता आणि यंत्रातला पारा सावकाश खाली येत होता. मी टेबलाच्या कडेला, बॅग पोटाशी धरून उभा होतो.

“चालेल सर,” मी म्हणालो. “एकदम सेफ आहे.”

मला ते माहीत नव्हतं. चालते हेही माहीत नव्हतं आणि चालत नाही हेही माहीत नव्हतं.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या ऑक्टोबरमधली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि जळगावला एका औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांना औषधांची माहिती देत फिरणारा प्रतिनिधी, म्हणून लागून मला आठ महिने झाले होते. डिसेंबरमध्ये नोकरी पक्की व्हायची होती. सप्टेंबरात कंपनीने रक्तदाबाची नवी गोळी बाजारात आणली, डायप्रेला. नाशिकला एका हॉटेलात आमचं तीन दिवस ट्रेनिंग झालं. रोज एकच गोळी, चक्कर नाही, सुस्ती नाही, म्हातारा माणूस हसत जिना चढतोय असं गुळगुळीत चित्र. आमचे एरिया मॅनेजर कर्णिकसाहेब फळ्यासमोर उभे राहून सांगत, “डॉक्टरसमोर ‘माहीत नाही’ म्हणालात की तो डॉक्टर गेला. काहीही विचारलं तरी उत्तर तयार पाहिजे.” त्या तीन दिवसांत गरोदर बाईचा विषय कोणी काढला नाही. मीही विचारलं नाही.

डॉ. शिरोडे पारोळ्याचे. साधे एमबीबीएस, पण पंचवीस वर्षांची प्रॅक्टिस. आजूबाजूच्या तीस-चाळीस खेड्यांचा भरवसा त्यांच्यावर. एमआरला ते वेगळा वेळ देत नसत. पेशंट तपासता तपासता म्हणायचे, “बोला, ऐकतोय.” सात वेळा मी त्यांच्याकडे गेलो होतो आणि सात वेळा त्यांनी एकच सांगितलं होतं, “नवं औषध आधी दोन वर्षं दुसऱ्यांना लिहू द्या, मग माझ्याकडे या.”

त्या सोमवारी मात्र ते अडचणीत होते. त्या बाईचं नाव कोकिळा बाविस्कर. पाचवा महिना चालू होता. रक्तदाब काही केल्या खाली येत नव्हता. जुनी गोळी दिवसातून तीनदा घ्यावी लागे. त्या गोळीने अंगात सुस्ती यायची, म्हणून दुपारची गोळी ती टाळायची. याआधीची दोन बाळं गेली होती, एक चौथ्या महिन्यात आणि एक सातव्यात. हे सगळं डॉक्टरांनी मला तो प्रश्न विचारायच्या आधीच, माझ्या देखत, तिच्याशी बोलताना म्हटलं होतं. म्हणजे मला कशाबद्दल विचारतायत ते कळलं नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही.

“नक्की?” डॉक्टरांनी एकदाच विचारलं.

“नक्की सर.”

मग त्यांनी सॅम्पलची पाकिटं मागून घेतली. तीन पाकिटांतल्या तीस गोळ्या, म्हणजे महिनाभराची सोय. पहिली गोळी तिने तिथेच, माठातलं पाणी घेऊन घेतली, कारण तासाभराने त्यांना पुन्हा रक्तदाब बघायचा होता. बाकीची पाकिटं तिने रुमालात बांधली आणि बाहेर जाताना मला हात जोडले.

मी बाहेर आलो आणि बसस्टँडजवळ उसाचा रस प्यालो. एक झाल्यावर दुसरा मागवला. शिरोडे सरांनी माझं औषध दिलं, हे मी त्या संध्याकाळी जळगावला भेटेल त्या एमआरला सांगत होतो.

शुक्रवारी मी धुळ्यात होतो. डॉ. कुमुदिनी भामरे म्हणून बाळंतपणाच्या मोठ्या डॉक्टर होत्या. खरं म्हणजे त्या माझ्या यादीत नव्हत्या, पण सोमवारच्या यशाने मला चढलं होतं. पारोळ्यात गरोदर बाईला चालली तर इथे का नाही चालणार, असा माझा हिशेब. मी फोल्डर उघडून सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला त्यांनी हात वर केला.

“हे औषध तुम्ही माझ्याकडे का आणलंत?”

मी म्हटलं, गरोदरपणातल्या रक्तदाबासाठी.

त्यांनी मला बसायला सांगितलं. एवढ्या महिन्यांत मला बसायला सांगणाऱ्या त्या तिसऱ्या की चौथ्या डॉक्टर असतील. माझ्याच हातातलं सॅम्पलचं पाकीट घेऊन त्यांनी आतला पातळ कागद बाहेर ओढला, टेबलावर पसरला आणि पेनाच्या टोकाने एक ओळ दाखवली. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं होती. गरोदर स्त्रियांना देऊ नये. पुढे एका ओळीत कारण.

“या प्रकारच्या गोळ्या बाळाच्या किडनीवर जातात,” त्या म्हणाल्या. “पिशवीतलं पाणी आटत जातं. तुम्हाला हे कोणी सांगितलं नाही?”

मी त्या कागदाकडे बघत राहिलो. असे शे-दीडशे कागद मी महिनाभर बॅगेत घेऊन फिरत होतो.

“मॅडम,” मी विचारलं, “समजा कोणी दिलीच, पाचव्या महिन्यात. सोमवारपासून रोज एक.”

‘समजा’ वगैरे काही नाही हे त्यांना कळलं होतं.

“आज बंद झाली तर बहुतेक निभावेल,” त्या म्हणाल्या. “महिना-दोन महिने चालली तर बाळ हाती लागेल असं मी म्हणणार नाही. कुठली बाई आहे?”

मी सांगितलं. त्यांनी स्वतः पारोळ्याला फोन लावून पाहिला. तिकडची लाइन दोन दिवस बंद होती. “तुम्ही जा,” त्या म्हणाल्या. “आणि उद्या सकाळी तिला घेऊन डॉक्टरांना इकडे यायला सांगा. सोनोग्राफी करू.”

बाहेर येऊन मी आधी नाशिकला कर्णिकसाहेबांना फोन केला. का केला, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. मला वाटतं, कंपनीतल्या कोणीतरी मोठ्या माणसानेही ‘जा’ म्हणावं अशी इच्छा असावी. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, चार-पाच गोळ्यांनी काही होत नसतं, घाबरू नकोस. पुढच्या आठवड्यात तुझा पारोळ्याचा दौरा आहेच, तेव्हा जाता जाता सांग की कंपनीने आता गरोदर बायकांना देऊ नका असं कळवलंय.

“पण साहेब, मी चालते म्हणालो होतो.”

“ते कोणी लिहून घेतलंय का?” कर्णिकसाहेब म्हणाले. “प्रिस्क्रिप्शन डॉक्टरचं आहे, उल्हास. जबाबदारी त्याची. तू स्वतःहून गळ्यात बांधून घेऊ नकोस. डिसेंबर जवळ आलाय.”

ते मला ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचं म्हणणं इतकं सोपं होतं की पीसीओच्या काचेच्या खोलीत उभा राहून मी मिनिटभर सुटल्यासारखा श्वास घेतला. बुधवारी तसं जायचंच होतं, पाचच दिवसांचा तर प्रश्न होता. पण ते पाच दिवस मोजायला लागलो आणि मला ती माठातलं पाणी पिताना दिसली. तिने एकही गोळी चुकवली नसणार, याची मला खात्री होती. मी राजदूतला किक मारली आणि पारोळ्याचा रस्ता धरला.

तीन वाजता पोहोचलो. दवाखाना दुपारचा बंद होता. डॉक्टर वरच राहायचे. जिना चढून गेलो तेव्हा ते बनियनवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, फोनवरचं बोलणं सोडून. तो कागदही त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा बदलला, खिडकीपाशी जाऊन कागद वाचला. पुन्हा वाचला. मग विचारलं, “तुला माहीत होतं?”

एरवी ते मला तुम्ही म्हणत.

“नाही सर.”

“मग चालते का म्हणालास?”

“माहीत नाही म्हणायची लाज वाटली.”

मी वाट बघत होतो की आता ते मला जिन्यावरून खाली ढकलतील. ते आत गेले, शर्ट घालून आले, बॅग घेतली आणि खाली दवाखान्यात उतरले. कपाटात मी आधीच्या भेटीत दिलेलं एक पाकीट पडून होतं. ते फोडून त्यांनी आतला कागद काढला आणि माझ्या कागदाशेजारी ठेवला.

“हा माझ्याकडेही होता,” ते म्हणाले. “पंचवीस वर्षं मी नवं औषध वाचल्याशिवाय दिलं नाही. त्या दिवशी साठ पेशंट बाहेर बसले होते. मला कोणीतरी हो म्हणायला हवं होतं, तू म्हणालास.” मग दोन्ही कागद खिशात घालत म्हणाले, “गाडीत पेट्रोल आहे का?”

त्यांची स्कूटर गॅरेजला होती. अठ्ठावन्न वर्षांचे डॉक्टर माझ्यामागे, बॅग मांडीवर घेऊन बसले. कोकिळाचं सासर, मोहाडखेडे, तिथून अकरा किलोमीटर. कपाशीची वेचणी चालू होती, रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाड्यांमधून कापसाचे पुंजके उडून बाभळींना अडकलेले. सगळ्या रस्त्याभर डॉक्टर एकच वाक्य बोलले, “खड्डा बघ.”

घरी तिचा नवरा होता. भटू बाविस्कर, उंच, हाडापेराने मोठा माणूस, कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला जायचा. अंगणात डॉक्टरांना बघून तो जागीच थबकला. डॉक्टर स्वतः घरी येणं याचा अर्थ त्याच्या दृष्टीने एकच होता.

कोकिळा घरी नव्हती. आदल्या दिवशीच तो तिला माहेरी पोहोचवून आला होता. घरी राहिली की काम केल्याशिवाय राहत नाही, म्हणून. माहेर आणखी नऊ किलोमीटरवर.

“गोळ्या?” डॉक्टरांनी विचारलं.

“सोबत नेल्या ना. सकाळी उठल्या उठल्या घेते. मी विसरलो तरी ती विसरत नाही.”

डॉक्टर म्हणाले, “त्या बंद करायच्या आहेत. चल, वाटेत सांगतो.”

वाटेत सांगणं काही झालं नाही. एका गाडीवर आम्ही तिघं, मध्ये डॉक्टर, मागे भटू, आणि रस्ता कच्चा. मला मानेवर डॉक्टरांचा श्वास जाणवत होता. मी मनात म्हणत होतो, ती आज सकाळची गोळी विसरली असेल. माहेरच्या गडबडीत विसरली असेल. एक जरी कमी झाली तरी चालेल.

ती ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. आम्हाला बघून उठली, पदर सावरला. तिची आई आतून पाणी घेऊन आली. डॉक्टरांनी पाणी बाजूला ठेवलं आणि गोळ्या मागितल्या. तिने आतून तोच रुमाल आणला. पहिल्या पाकिटातली अर्धी पट्टी रिकामी झाली होती. पाच गोळ्या गेल्या होत्या.

“एक पण चुकवली नाही,” ती म्हणाली. कौतुक होईल अशा आवाजात म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे वळले. “सांग,” ते म्हणाले.

मला वाटलं होतं ते सांगतील. मी म्हटलं, “ताई, ही गोळी गरोदर बाईला चालत नाही. बाळाला अपाय होऊ शकतो. डॉक्टरांनी मला विचारलं होतं तेव्हा मला माहीत नव्हतं. तरी मी चालते म्हणून सांगितलं.”

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरांनाच विचारलं, “मग आता बाळ?”

“पाचच गेल्यात,” डॉक्टर म्हणाले. “बहुतेक काही होणार नाही. पण मी तुला खोटी खात्री देणार नाही, कोकिळा. उद्या धुळ्याला जायचं, बाळ बघायचं. जुन्या गोळ्या आजपासून परत. तिन्ही वेळच्या. दुपारची पण.”

भटू माझ्या पुढ्यात येऊन उभा राहिला. तो मारणार, असं मला वाटलं आणि मी हललो नाही. त्याने कोकिळाच्या हातातला रुमाल घेतला, उरलेल्या गोळ्या काढून डॉक्टरांच्या बॅगेत टाकल्या, रुमाल बायकोला परत दिला.

“यांना इथून जायला सांगा,” तो डॉक्टरांना म्हणाला.

“गोळी याच्या बॅगेतली होती, पण दिली माझ्या हाताने,” डॉक्टर म्हणाले. “राग धरायचा तर दोघांवर धर. आणि एक लक्षात घे. हा आज आला नसता तर तुझ्या बायकोने तीसच्या तीस घेतल्या असत्या, आणि पुढच्या महिन्याच्या मी परत दिल्या असत्या.”

मी गाडीपाशी जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्यात डॉ. भामऱ्यांनी सोनोग्राफी केली. मी बाहेर, रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर थांबलो होतो, कारण भटू दाराशी बसला होता. तासाभराने शिरोडे सर रस्ता ओलांडून आले. पाणी पुरेसं आहे, ठोके चांगले आहेत, ते म्हणाले. मग चहा मागवला आणि बशीत ओतून प्यायले.

“सुटलो का सर?” मी विचारलं.

“अर्धे. मॅडम म्हणतात, बाळ पोटात असताना किडनीचं पूर्ण कळत नाही. बाळ जन्मलं आणि त्याने लघवी केली की सुटलो. तोवर फेब्रुवारीपर्यंत मोजत बसायचं.”

पुढच्या दोन आठवड्यांत मी दुसरं काहीच केलं नाही. ज्या ज्या डॉक्टरांसमोर मी ‘सगळ्यांना चालते’ म्हणालो होतो, त्यांची यादी काढली. एकोणीस निघाले. अमळनेर, चोपडा, एरंडोल, धरणगाव. प्रत्येकाकडे जाऊन तो कागद उघडून ती ओळ दाखवली. बहुतेकांनी “हे आम्हाला माहीत आहे” म्हणून हाताने उडवून लावलं. एकाने विचारलं की तुमच्या कंपनीने तुम्हाला गोळी विकायला पाठवलंय की बंद करायला. चोपड्याच्या एका डॉक्टरांनी मात्र कंपाउंडरला हाक मारून पेशंटच्या कार्डांचा डबा आणायला लावला आणि दोन गरोदर बायकांची कार्डं काढून बाजूला ठेवली. ती दोन कार्डं पाहिल्यावर मला पहिल्यांदा रात्रीची नीट झोप लागली.

मी कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसलाही पत्र लिहिलं. जे झालं ते सगळं लिहिलं, ‘मी म्हणालो’ हे शब्द न गाळता. उत्तर आलं नाही. कर्णिकसाहेब जळगावला आले. त्यांनी मला हॉटेलवर बोलावून जेवायला घातलं आणि जेवणानंतर सांगितलं की डिसेंबरात माझी नोकरी पक्की होणार नाही, तेव्हा मी आपणहून राजीनामा दिला तर पुढे दुसरीकडे अडचण येणार नाही. ते वाईट माणूस नव्हते. दोन मुली होत्या त्यांना, त्यांची शिक्षणं चालू होती, आणि त्यांच्यावरही कोणीतरी मॅनेजर होता. मी तिथेच, हॉटेलच्या कागदावर राजीनामा लिहून दिला. घरी आईला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, “पोरीचं बाळ बरं आहे ना?” तिला मी सगळं सांगितलेलं होतं.

पुढे मार्चमध्ये मला नागपूरच्या एका लहानशा कंपनीत काम मिळालं आणि त्याच धंद्यात मी एकतीस वर्षं काढली. पण ते नंतरचं. डिसेंबर ते फेब्रुवारी मी घरी बसून होतो आणि दर पंधरा दिवसांनी एसटीने पारोळ्याला जात होतो. मला तिथे काहीच काम नव्हतं. शिरोडे सर पेशंट तपासता तपासता वर बघायचे आणि म्हणायचे, “पाणी ठीक आहे,” किंवा “वजन वाढलंय.” मी मान हलवून परत बसस्टँडवर यायचो. गावात कोणी मला ओळखत नव्हतं, आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बायकांना वाटायचं, या माणसाला काहीतरी जुनाट आजार असावा.

फेब्रुवारीच्या एकोणीस तारखेला पारोळ्यात पोहोचलो तर दवाखान्याला कुलूप. कंपाउंडरने सांगितलं की सर धुळ्याला गेलेत, बाविस्करांच्या सुनेचा रक्तदाब पहाटे वाढला. मी आलेल्या एसटीनेच पुढे गेलो.

डॉ. भामऱ्यांच्या हॉस्पिटलच्या बोळात सगळे होते. कोकिळाची आई भिंतीला टेकून बसलेली, शिरोडे सर बाकावर, भटू उभा. सकाळी साडेदहाला सिझेरियन झालं होतं. मुलगी. वजन थोडं कमी, पण रडली. कोकिळा शुद्धीवर होती. हे सगळं सरांनी मला हळू आवाजात सांगितलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसत नव्हता. भटूच्याही नव्हता.

“अजून नाही,” सर म्हणाले.

काय नाही ते मला विचारावं लागलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसलो.

बारा वाजले. एक वाजला. डॉ. भामरे दर अर्ध्या तासाने येऊन आत जात आणि बाहेर येताना मान हलवत. चोवीस तास वाट बघायची असते, त्या म्हणाल्या, उगीच घाबरू नका. पण त्या स्वतः जेवायला घरी गेल्या नव्हत्या. दोन वाजता नर्सने बाळाला थोडं दूध पाजलं. कोकिळाच्या आईला किडनीबिडनीतलं काही कळत नव्हतं, पण आम्ही कशाची वाट बघतोय ते तिला कळलं होतं आणि ती पुटपुटत होती, देवाचं नाव घेऊन एका तान्ह्या पोरीच्या लघवीसाठी. एरवी हसू आलं असतं. कोणी हसलं नाही. तीन वाजता नर्स बाहेर आली आणि बापाला आत बोलवलं. आईला टाके दुखतायत, बाळाला जरा धरा, म्हणाली. भटू चपला काढून आत गेला.

मी समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं पत्रक वाचत होतो. ते मी त्या दिवशी वीस वेळा वाचलं असेल. आतून काहीच आवाज येत नव्हता. मग आत कोणीतरी बाई हसली. नर्स असावी.

दार उघडलं आणि भटू बाहेर आला. त्याच्या अंगात लग्नाकार्याला घालतात तसा पांढरा शर्ट होता, सकाळी मुलगी झाली म्हणून कोणीतरी घालायला लावला असेल. छातीपासून पोटापर्यंत तो शर्ट ओला झाला होता. तो अंगाला चिकटू नये म्हणून भटूने दोन बोटांनी धरून पुढे ओढला होता, आणि तसाच, काय करावं हे न सुचल्यासारखा, बोळात उभा राहिला.

शिरोडे सर उठले, आणि लगेच परत खाली बसले. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. कोकिळाच्या आईने तोंडाला पदर लावला.

चार महिन्यांत भटू माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. तो सरळ माझ्याकडे आला. मी उभा राहिलो. त्याने माझा हात धरला आणि त्या ओल्या शर्टावर ठेवला. शर्ट अजून गरम होता.

“बघा,” तो म्हणाला. “किती केली ते बघा.”